ट्रॅक्टरमध्ये बसले, म्हणून परिक्रमा मोडली?

इंदूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ५७, लग्नाला ३३ वर्षं झालेली. यजमान निवृत्त झाल्यावर दोघांनी नर्मदेची पायी परिक्रमा टप्प्याटप्प्यानं करायला घेतली. संकल्प त्यांचा, या "सोबत म्हणून" निघाल्या. डिसेंबरात ओंकारेश्वरहून दक्षिण तटानं चालायला लागले. पहिले दिवस फार छान गेले असं त्या लिहितात: पहाटे घाटावरची आंघोळ, वाटेत कापूस वेचणाऱ्या बायकांशी गप्पा. कसरावदच्या अलीकडे मावठ्यानं गाठलं. रात्रभर पाऊस. आश्रमातले महाराज "आज रुक जाओ" म्हणाले, पण यजमानांना ठरलेले सोळा किलोमीटर करायचेच होते. त्यांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळची गोळी घेतली, चहाबरोबर दोन बिस्किटं खाल्ली आणि निघाले. शेतातल्या गाडरस्त्यावर काळ्या मातीचा चिखल. ताईंच्या सँडलचा पट्टा तुटला. यजमान पुढे गेले ते दिसेनासेच झाले. पाऊण तासानं एका शेतकऱ्यानं ताईंना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवलं. वाटेत यजमान दिसले, पण ते चढले नाहीत. तासाभरानं पुढच्या मुक्कामाच्या आश्रमात पोचले तेव्हा थंडीतही घामानं भिजलेले, हात थरथरत होते, आणि सगळ्यांसमोर ओरडले, "तुझ्यामुळे परिक्रमा खंडित झाली!" मग जेवले, झोपले आणि सकाळी काही घडलंच नाही असे वागले. तिथून दोघं बसनं इंदूरला परतली. आता फेब्रुवारीत त्या मुक्कामाच्या आश्रमापासून पुढे निघायचं आहे आणि ते म्हणतात, "तू नकोस, मी एकटा जातो."

ताई विचारतात: "खरा माणूस अडचणीत कळतो म्हणतात. ३३ वर्षं संसार केला तो माणूस मला चिखलात कळला का? त्यांना एकटं जाऊ देऊ, अडवू, की अपमान गिळून पुन्हा सोबत जाऊ? आणि माझ्यामुळे परिक्रमा खरंच मोडली का?"

ताई, नर्मदे हर.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं ओझं तुम्ही उगाच वाहताय. मी काही शास्त्रार्थ सांगणारी नव्हे. पण परिक्रमेचे जे नियम सगळेच मानतात ते साधे आहेत. मैया उजव्या हाताला ठेवायची, तिचा प्रवाह ओलांडायचा नाही, बरोबर घेतलेलं जल जपायचं आणि शेवटी ओंकारेश्वरला वाहायचं. ट्रॅक्टरनं तुम्हाला नदीपार नेलं नाही. आणि कडकडीत पायी चालणारेसुद्धा नर्मदा समुद्राला मिळते तिथे, रेवासागर संगमाशी, दक्षिण तटावरच्या विमलेश्वरहून उत्तर तटावरच्या मीठी तलाईकडे नावेत बसूनच जातात, कारण पुढे समुद्र असतो. त्यांची परिक्रमा कोणी मोडीत काढत नाही. बसनं आणि गाडीनं करणाऱ्यांची तर गणतीच नाही.

"सगळं पायी" हा तुम्ही दोघांनी स्वतःला घालून घेतलेला नियम. तो तुटल्याचं तुम्हाला टोचत असेल, तर फेब्रुवारीत ट्रॉलीत चढलात त्या शेतापर्यंत रिक्षानं जा आणि मुक्कामाच्या आश्रमापर्यंतचा तेवढा तुकडा चालून टाका. विषय संपला. यजमानांनी तर ते अंतर पायीच कापलंय, मग त्यांचं काय खंडित झालं? हे त्यांना विचारण्यासारखं आहे, पण भांडणात नको.

आता तुमच्या पत्रातल्या त्या ओळीकडे येते, जी तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. थंडीच्या दिवसात घामानं भिजलेले, हात थरथरत होते, आवाज चढलेला, आणि जेवण झाल्यावर शांत. त्याच्या वरच्या परिच्छेदात तुम्हीच लिहिलंय: मधुमेह, सकाळची गोळी, चहा आणि दोन बिस्किटं. मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान करणं बरं नव्हे. पण मधुमेहाच्या काही गोळ्या, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या, पोट रिकामं असलं आणि शरीराला खूप कष्ट पडले की रक्तातली साखर फार खाली नेऊ शकतात. साखर ७० च्या खाली गेली की घाम फुटतो, थरथर सुटते, धडधडतं, माणूस चिडचिडा होतो, हट्टाला पेटतो आणि "मला काही झालेलं नाही" असं ठासून सांगतो. नंतर त्यातलं नीट आठवतही नाही कधी कधी. नुसती मेटफॉर्मिन असेल तर हे सहसा होत नाही. म्हणून पहिलं काम: यांची गोळी कोणती ते बघा, आणि फेब्रुवारीचं पक्कं करण्याआधी दोघं मिळून डॉक्टरांकडे जा. "रोज पाच-सहा तास चालणार आहोत, पाठीवर ओझं असेल, जेवणाची वेळ आपल्या हातात नसेल" हे त्यांना स्पष्ट सांगा. गोळीचं प्रमाण किंवा वेळ बदलायची का, ते तेच ठरवतील. आपण मनानं गोळी बंद करायची नाही.

आणि खिशात साखर हवी. गूळ-चिक्की नव्हे, साखरच, किंवा ग्लुकोजची पुडी. इंदूरचा माणूस घराबाहेर पडताना पिशवीत सेव टाकतोच, तुमच्याकडेही असणार. पण अशा वेळी त्या सेवचा काडीचा उपयोग नाही, तेलकट खाण्यानं साखर वर यायला वेळ लागतो. तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटं बसवायचं, ग्लुकोमीटरवर पुन्हा बघायचं, कमीच असेल तर पुन्हा द्यायची आणि मग जेवण. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. दिवसभराच्या चालण्याचा परिणाम रात्रीही राहतो, म्हणून झोपण्यापूर्वी एकदा तपासलेलं बरं.

हे वाचून तुम्हाला वाटेल, म्हणजे त्यांचं सगळं माफ? नाही. ओरडले त्याला कदाचित साखरेचं कारण असेल. पण तुमचा पट्टा तुटला तेव्हा ते पुढे निघून गेले, ते त्याच्या कितीतरी आधी. पाऊण तास मागे वळून पाहिलं नाही, याला गोळी जबाबदार धरायला मी तयार नाही.

"खरा माणूस अडचणीत कळतो" या वाक्यावरही माझा फारसा विश्वास नाही. अडचणीत कळतो तो अडचणीत सापडलेला माणूस. उपाशी, भिजलेला, पायाला फोड आलेला माणूस हाच खरा आणि ३३ वर्षं घर चालवणारा खोटा, असं कुठे असतं? तुमच्या आजारपणात, मुलांच्या परीक्षांत, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांच्या शेवटच्या दिवसांत ते कसे वागले, हाही पुरावाच आहे. तो तुम्ही पत्रात लिहिलेला नाही. वाईट की चांगला मला माहीत नाही, पण तोही धरून हिशेब करा.

त्यापेक्षा दुसरा एक प्रश्न स्वतःला विचारा. राजवाड्यावर खरेदीला गेलात तर ते चार पावलं पुढेच असतात का? स्टेशनवर सामान तुमच्याकडे आणि ते गाडीच्या दारात, असं होतं का? आपल्याकडे पुष्कळ पुरुष असेच चालतात. दुष्टपणा नसतो, मागची येतेच, अशी सवय पडलेली असते. शहरात त्या चार पावलांनी काही बिघडत नाही. निमाडच्या चिखलात चार पावलांचा एक किलोमीटर होतो. ही सवय जुनी असेल तर तुम्हाला धक्का बसायचं कारण नाही, पण ती बोलून दाखवायची वेळ मात्र आली आहे. आणि त्यांच्या स्वभावात हे कधीच नव्हतं, एकदम त्या दिवशीच दिसलं, तर पुन्हा डॉक्टरांकडेच जायचं.

पण माझ्या मते भांडणाचं मूळ तुमच्याच एका वाक्यात आहे: "संकल्प यांचा, मी सोबत म्हणून." सोबत म्हणून निघालेल्या माणसाला "आज नको" म्हणता येत नाही. संकल्प ज्याचा, किती चालायचं ते तो ठरवणार. तुम्ही फक्त पोचायचं. महाराज थांबा म्हणत होते तेव्हा तुम्हालाही थांबावंसं वाटत होतं. तुम्ही बोललात का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. मुकाट्यानं सँडल चढवलेत, असंच दिसतं. आणि त्यांनाही तुमचं मत विचारायचं सुचलं नाही. चिखल पुढे लागला, चूक आश्रमाच्या ओट्यावरच झाली होती. दोघांची.

यजमान परंपरेचा आधार घेतात, तर तोही घेऊन बघू. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर, परिक्रमा अडीच हजारांच्या वर जाते. जुनी रीत ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांची. चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी मुक्काम करतात, कारण नद्या-नाले भरलेले असतात आणि वाट चालण्याजोगी नसते. म्हणजे चिखल हे थांबायचं चोख कारण आहे, हे त्या रीतीनंच मानलंय. एवढ्या वाटेत एका दिवसाच्या सोळा किलोमीटरचा हट्ट परंपरेनं कोणाला सांगितलेला नाही. तो ऑफिसातला हट्ट आहे, टार्गेटचा. निवृत्तीनंतर तो जायला थोडा वेळ लागतो.

तर एक नियम करा, आणि तो दोघांनी घरीच, पंखा लावून बसलेले असताना मान्य करा. "चला" म्हणायला दोघांचा होकार लागेल. "थांबू" म्हणायला एकाचा पुरेल, आणि त्याला कारण विचारायचं नाही. वेग जो हळू चालतो त्याचा. पुढच्यानं मागचा दिसेल एवढंच अंतर ठेवायचं; वळण आलं, नाला आला, दोन वाटा फुटल्या की उभं राहायचं. हिवाळ्यात आपल्याकडे पावणेसहा-सहाला अंधारायला लागतं, म्हणून दुपारी चारला पुन्हा एकदा विचारायचं: पुढचं गाव की इथेच? तुमचं "थांबू" त्यांनी एकदा जरी मोडलं, तर पुढच्या सकाळी तुम्ही इंदूरची बस धरायची, न रागावता. हेही आधीच सांगून ठेवा, म्हणजे नंतर तमाशा होत नाही.

आता चिखलाबद्दल, कारण मावठा पुन्हा येणारच नाही असं कोणी सांगावं. निमाड-माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि चिकटते. दहा पावलांत तळव्याला थर बसतो, त्याला गवत-काड्या लागतात, आणखी दहा पावलांत बूट ओळखू येत नाही आणि वजन दुप्पट-तिप्पट. गुडघा आणि मांडीचा सांधा त्यानंच दुखतो. अशा मातीत सपाटीवरही ताशी दोन किलोमीटर झाले तरी खूप. सोळा किलोमीटर म्हणजे अख्खा दिवस, तोही न बसता. गाडरस्त्याच्या चाकोरीत चिखल सर्वांत जास्त असतो, कडेचा गवताचा पट्टा त्यातल्या त्यात धरून राहतो. पण शेतकऱ्याच्या उभ्या गव्हा-हरभऱ्यात पाय घालू नका. दर थोड्या वेळानं काठीच्या टोकानं किंवा दगडाच्या कडेवर तळवा खरवडायचा. थर जाड होऊ दिला की निघत नाही. सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे पाऊस पडला की किनारा सोडून डांबरी सडक धरायची. दोन-चार किलोमीटर वाढतात, वेळ निम्म्यावर येतो. तेही जमत नसेल तर मुक्काम वाढवा. ऊन पडलं तर दुपारपर्यंत वरचा थर सुकतो, खोलगट जागा मात्र फसव्याच राहतात.

सँडल पुन्हा नेऊ नका. चिखल तळव्याखालून ओढ घेतो आणि पट्टा शिवणीपाशीच तुटतो, सगळ्यांचा तिथेच तुटतो. नाडीचे बूट घ्या, घरीच महिनाभर वापरून मऊ केलेले. सुती मोजे पाणी धरून ठेवतात आणि फोड आणतात. लोकरीचे किंवा चालण्याचे म्हणून मिळतात ते सिंथेटिक मोजे बरे. एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, फक्त रात्रीसाठी. ओल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, चुलीपाशी ठेवू नका, तळवा सुटतो. सोबत थोडी सुतळी आणि एक मोठी सुई असू द्या.

यजमानांच्या पायांची गोष्ट वेगळी. मधुमेहात तळव्याची जाणीव कमी झालेली असू शकते. फोड फुटतो, आत चिखलाचं पाणी जातं आणि माणसाला पत्ता नसतो. दुसऱ्या दिवशी तो तसाच चालतो. रोज संध्याकाळी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या पुसून, तळवा उजेडात बघायचा. स्वतःला दिसत नसेल तर तुम्ही बघायचा. अनवाणी चालण्याचा विचार कोणी डोक्यात भरवला तर सरळ नाही म्हणायचं. लाली, सूज किंवा पू दिसला की त्या गावातच दवाखाना गाठायचा, "इंदूरला गेल्यावर बघू" चालणार नाही. आणि नाला गुडघ्याएवढा किंवा त्याहून वर वाहत असेल तर दोघांपैकी कोणीही उतरू नये. धावतं पाणी गुडघ्याएवढंही माणसाला पाडतं.

उरला तुमचा मुख्य प्रश्न. एकटं जाऊ द्यायचं का? नणंदबाई, जाऊबाई, शेजारी काय म्हणतात ते बाजूला ठेवा. परिक्रमेत एकटे चालणारे पुष्कळ असतात, गावंही सांभाळून घेतात. पण साखर खाली गेल्यावर "मला काही झालेलं नाही" म्हणणाऱ्या माणसानं एकटं जाणं मला पटत नाही. डॉक्टर काय म्हणतात ते कळेपर्यंत तरी एकटं नको, हे तुम्ही ठामपणे सांगू शकता. तो राग झाला असं त्यांना वाटेल, वाटू द्या. तुमच्याबरोबर नाही तर त्यांच्या एखाद्या मित्राबरोबर जावं, आणि त्या मित्राला गोळी, साखर, मीटर सगळं माहीत हवं.

अपमान गिळून सोबत जाणं मात्र मी तुम्हाला सुचवणार नाही. गिळलेला अपमान पुढच्या चिखलात वर येतो. आधी बोला. सगळ्यांसमोर ओरडले ते लागलं, हे एका वाक्यात, रात्रीच्या जेवणानंतर, मुलगा-सून नसताना सांगा. "तुम्ही नेहमीच असे" हे शब्द टाळा, कारण मग बोलणं ३३ वर्षं मागे जातं आणि कसरावद बाजूलाच राहतं. "मी मागे एकटी होते तेव्हा मला भीती वाटली" एवढं पुरे. त्यांना माफी मागता येत नसेल, त्या पिढीतल्या पुष्कळांना येत नाही. पण पुढच्या वेळी मागे वळून बघेन असं म्हणाले, तरी मी ते माफीतच धरेन.

आणि तुम्हाला स्वतःला चालायचंय का? हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. पहाटेची आंघोळ आणि कापूस वेचणाऱ्या बायका ज्या आठवणीनं लिहिल्यात, त्यावरून मला वाटतं, हो. मग संकल्प तुमच्या नावानंही करा. सोबत म्हणून जाणं बंद. नसेल चालायचं, तर तसंही सांगता येतं: ते चालतील, तुम्ही आठवड्यातून एकदा बसनं पुढच्या मुक्कामी जाऊन भेटाल, धुतलेले कपडे आणि नव्या गोळ्या घेऊन. पुष्कळ घरांत असं चालतं आणि कोणाचं काही अडत नाही.

फेब्रुवारीआधी एक छोटी चाचणी करून बघा. इंदूरजवळच, नदी न ओलांडता, चढ-उतार असलेली सात-एक किलोमीटरची वाट निवडा. रविवारी सकाळी ती चाला. पाठीवर खरी पिशवी, पायात नवे बूट, खिशात साखर. नियम तेच: वेग तुमचा, "थांबू" कोणाचंही. निघण्याआधी आणि अर्ध्या वाटेवर मीटरवर साखर बघा आणि आकडे वहीत लिहून ठेवा, डॉक्टरांना ते उपयोगी पडतील. अर्ध्या वाटेत एकदा मुद्दाम बसा, काही कारण नसताना, आणि ते थांबतात का बघा. थांबले तर कसरावदची तिकिटं काढायला हरकत नाही. न थांबता पुढे गेले तर मात्र पुढच्या टप्प्याला तुम्ही त्यांच्याबरोबर नाही, मित्राला फोन त्यांनीच करायचा.